जुन्या खोऱ्यात नवं तेल

सुट्टीत घरी गेलं की एक प्रश्न ठरलेला असतो. "पेट्रोलियम इंजिनिअरिंग म्हणजे नेमकं काय? शिकून पेट्रोल पंप काढणार का?" काका-मामांना द्यायचं उत्तर आता माझं पाठ झालं आहे. पण दोन वर्षांपूर्वी मेसमध्ये फर्स्ट इयरच्या एका मुलाने जे विचारलं, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो म्हणाला, "दादा, मुंबई हायला पन्नास वर्षं होत आली. एवढ्या विहिरी खणून झाल्या. आता तिथे शोधायला काही शिल्लक आहे का, की तुमची ब्रँचच संपत आली?"

ब्रँच बदलण्याचा फॉर्म भरायला चार दिवस उरले होते, म्हणजे प्रश्न गंमत म्हणून विचारलेला नव्हता. मी "नंतर बोलू रे" म्हणून आमटी आणायला उठलो. पुढे त्याने कॉम्प्युटरला बदली करून घेतली. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण माझं उत्तर राहून गेलं, ते इथे लिहितो आहे.

आधी साय निघते

मुंबईपासून समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर, साधारण ७५ मीटर खोल पाण्यात, ३१ जानेवारी १९७४ रोजी ओएनजीसीच्या 'सागर सम्राट' या रिगने पहिली विहीर खणायला घेतली. फेब्रुवारीतच तेल लागलं. २१ मे १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. त्याच सुमारास शेजारी वसई, पन्ना, हीरा ही क्षेत्रंही सापडली. मार्च १९८५ मध्ये मुंबई हायमधून दिवसाला सुमारे ४ लाख ७० हजार पिंपं तेल निघत होतं. एप्रिल २०२४ मध्ये हा आकडा १ लाख ३४ हजारांच्या आसपास आला होता. फर्स्ट इयरच्या त्या मुलाला भीती वाटली ती या आकड्यांची.

नवीन खोऱ्यात तेल शोधताना सर्वांत मोठे उंचवटे आधी दिसतात, कारण ते मोठे असतात. साधं सेस्मिक सर्वेक्षणही ते दाखवतं. त्यामुळे पहिल्या काही वर्षांत मोठे साठे मिळतात आणि मग मिळणारा प्रत्येक साठा आधीच्यापेक्षा लहान होत जातो. वर्षं आडव्या अक्षावर आणि सापडलेलं एकूण तेल उभ्या अक्षावर मांडलं, तर रेघ सुरुवातीला झपकन चढते आणि नंतर आडवी होते. या आलेखाला 'क्रीमिंग कर्व्ह' म्हणतात. दूध तापवणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. साय आधी निघते.

पण आलेख आडवा झाला म्हणजे पातेलं रिकामं झालं, असं नाही. इथे आपली एक म्हण उलटी करून घ्यावी लागते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. जुन्या तेलक्षेत्रात आडात भरपूर असतं, पोहऱ्यात येत नाही. खडकात मुळात असलेलं तेल वेगळं आणि आजच्या तंत्राने, आजच्या भावात काढता येणारं तेल वेगळं. या दुसऱ्यालाच तांत्रिक भाषेत रिझर्व्हज म्हणतात. जगभरात सरासरी पाहिली तर खडकातल्या तेलाच्या साधारण एक तृतीयांशाच्या आसपासच बाहेर येतं. म्हणून एकही नवीन क्षेत्र न सापडता रिझर्व्हज वाढू शकतात. समजा एखाद्या क्षेत्रात १०० कोटी टन तेल आहे. त्यातलं २८ टक्क्यांऐवजी २९ टक्के काढता आलं, तर १ कोटी टन तेल नव्याने मिळालं. आज नव्याने सापडणाऱ्या कित्येक क्षेत्रांत एवढं तेल मिळत नाही.

मग हे उरलेलं तेल असतं कुठे? माझ्या समजुतीप्रमाणे चार जागी: जुन्या कागदांत, थरांच्या मध्ये, पायाखाली आणि शेजारी. एकेक पाहू.

जुन्या कागदांत

ही पहिली जागा मला माझ्याच चुकीमुळे कळली.

विहीर खणून झाली की केबलला उपकरणं बांधून खाली सोडतात आणि प्रत्येक खोलीवर खडकाचे गुणधर्म मोजतात. त्या लांबलचक पट्टीला लॉग म्हणतात. त्यातलं एक महत्त्वाचं मोजमाप म्हणजे विद्युतरोध. खडकाच्या छिद्रांत खारं पाणी असेल तर वीज सहज वाहते, रोध कमी दिसतो. तेल वीज वाहू देत नाही, म्हणून रोध जास्त दिसतो. १९४२ मध्ये आर्ची या अमेरिकन इंजिनिअरने यावरून एक सूत्र दिलं. साध्या रूपात ते असं: छिद्रांतल्या पाण्याचा रोध घ्या, त्याला सच्छिद्रतेच्या वर्गाने भागा, आलेल्या संख्येला खडकाच्या मोजलेल्या रोधाने भागा आणि वर्गमूळ काढा. उत्तर म्हणजे छिद्रांचा किती भाग पाण्याने भरला आहे. उरलेलं तेल किंवा वायू.

थर्ड इयरला सरांनी आम्हाला सरावासाठी एक लॉग दिला होता. एका थराची सच्छिद्रता २५ टक्के, खडकाचा रोध २ ओहम-मीटर. शेजारच्या विहिरीतल्या नमुन्यावरून पाण्याचा रोध दिला होता ०.१. मी गणित केलं. ०.१ भागिले ०.०६२५ म्हणजे १.६. भागिले २ म्हणजे ०.८. वर्गमूळ ०.८९. म्हणजे ८९ टक्के पाणी. मी त्या थरावर लाल पेनाने 'पाणी' लिहिलं, बाकीचे थर केले आणि वही देऊन मोकळा झालो.

सरांनी वही परत दिली तेव्हा त्या थराभोवती वर्तुळ होतं. ते म्हणाले, "नमुना कधी घेतला ते वाचलंस का?" नमुना घेतला होता ड्रिलिंग चालू असताना. विहिरीत फिरणाऱ्या चिखलातलं कमी खारं पाणी त्यात मिसळलं होतं, त्यामुळे रोध प्रत्यक्षापेक्षा जास्त आला होता. खालच्या शुद्ध पाण्याच्या थरावरून काढला तर तो ०.०३ येत होता. पुन्हा गणित केलं. ०.०३ भागिले ०.०६२५ म्हणजे ०.४८. भागिले २ म्हणजे ०.२४. वर्गमूळ ०.४९. म्हणजे ४९ टक्के पाणी आणि ५१ टक्के तेल! सर म्हणाले, "पाणी विहिरीत नव्हतं, तुझ्या वहीत होतं."

वर्गात सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री रूमवर आल्यावर विचार करत बसलो. माझी ही चूक सरावाच्या लॉगवर होती. खऱ्या विहिरीवर कुणी तीस-चाळीस वर्षांपूर्वी असंच 'पाणी' लिहिलं असेल, तर तो थर बंद करून वर सिमेंट ओतलं गेलं असणार. त्यानंतर पुन्हा कोण बघतंय? आणि प्रत्येक वेळी चूकच असते असंही नाही. चिकणमाती स्वतः वीज वाहते. चुनखडकातल्या अतिसूक्ष्म छिद्रांत अडकलेलं पाणी हलत नाही, पण वीज वाहून नेतं. असे थर रोधावर 'पाणी' दिसतात आणि प्रत्यक्षात तेल देतात. त्या काळी ही समज आणि उपकरणं दोन्ही कमी होती.

म्हणून जुन्या खोऱ्यातलं पहिलं काम समुद्रात नसतं, टेबलावर असतं. सरकारने २०१७ मध्ये नॅशनल डेटा रिपॉझिटरी सुरू केली, ती याचसाठी महत्त्वाची. देशभरातल्या जुन्या विहिरींचे लॉग आणि सेस्मिक रेषा एका ठिकाणी आल्या की नवीन डोळ्यांना त्या पुन्हा वाचता येतात.

हे नुसतं पुस्तकी नाही. मुंबईच्या पश्चिमेला डी-१ नावाचं क्षेत्र १९७६ मध्येच सापडलं होतं. लहान आणि किनाऱ्यापासून दूर म्हणून ते बाजूला राहिलं. उत्पादन सुरू झालं २००६ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. नंतरच्या विहिरींनी त्यातल्या तेलाचा अंदाज वाढवत नेला. नॉर्वेचं उदाहरण तर आणखी मोठं आहे. उत्तर समुद्रात १९६० च्या दशकापासून शोध चालू होता, दक्षिणेकडचा भाग तर पिंजून काढलेला समजला जात होता. तिथेच २०१० मध्ये योहान स्वेरद्रुप हे नॉर्वेच्या सर्वांत मोठ्या क्षेत्रांपैकी एक सापडलं.

थरांच्या मध्ये

दुसरी जागा समजायला चहा आणि खारी लागते. दोन्ही कँटीनमध्ये मिळतात.

खारीचं टोक चहात बुडवा. काही पापुद्रे लगेच चहा ओढून घेतात आणि वरपर्यंत ओले होतात. मधले काही घट्ट पापुद्रे कोरडेच राहतात. मुंबई हायचा मुख्य साठाखडक, ज्याला 'एल-थ्री' म्हणतात, तो चुनखडक साधारण असाच आहे. त्यात अनेक उपथर आहेत आणि मध्ये मध्ये शेलचे पातळ पडदे आहेत. कुठल्या थरातून द्रव सहज वाहतो, कुठल्यातून मुश्किलीने.

तेल काढत गेलं की खडकातला दाब घटतो. तो टिकवायला ऐंशीच्या दशकात समुद्राचं पाणी खाली दाबायला सुरुवात झाली. पाणी सोपा रस्ता पकडतं. ते मोकळ्या थरांतून धावतं, तिथलं तेल पुढे ढकलतं आणि थेट उत्पादन विहिरीत येऊन पोहोचतं. मग विहिरीतून तेलापेक्षा पाणीच जास्त येऊ लागतं आणि विहीर म्हातारी झाली असं आपण म्हणतो. घट्ट थरांतलं तेल मात्र तसंच मागे राहिलेलं असतं. याला बायपास झालेलं तेल म्हणतात.

ते काढायला नवीन प्लॅटफॉर्म लागेलच असं नाही. जुन्या विहिरीच्याच नळीला मध्येच खिडकी पाडून तिथून तिरकी शाखा काढतात. तिला साइडट्रॅक म्हणतात. किंवा पाच-सहा मीटरच्या पातळ थरातून शेकडो मीटर आडवी विहीर नेतात. २०००-०१ पासून मुंबई हाय उत्तर आणि दक्षिण या दोन्ही भागांत पुनर्विकासाची मोठी कामं सुरू झाली, त्यांत अशा विहिरींवर भर होता. यात खरी अवघड गोष्ट ड्रिलिंगची नाही. कुठला पापुद्रा अजून कोरडा आहे, हे हजार-दीड हजार मीटर वरून ओळखायचं, ही आहे.

पायाखाली

तिसरी जागा मला सर्वांत आवडते, कारण ती हॉस्टेलमधून चालत जाऊन पाहता येते.

रविवारी वेताळ टेकडीवर जा. जुन्या खाणीच्या भिंतीकडे बघा. हा आपला काळा पाषाण, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बसाल्ट. याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. (व्हायव्हात एकाने 'ट्रॅप म्हणजे तेल अडकवणारा सापळा' असं ठोकून दिलं होतं. इथला ट्रॅप हा 'पायरी' अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. सह्याद्रीच्या पायऱ्या आठवा.) दगड हातात घेतला तर ठोकळा, पाण्याचा थेंबही आत जाणार नाही. पण भिंतीत उभ्या-आडव्या भेगा दिसतील आणि पावसाळ्यानंतर त्यांतून पाणी पाझरताना दिसेल. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे माहीतच आहे. एकाच्या बोअरला दोन इंच पाणी लागतं आणि वीस फुटांवरचा दुसऱ्याचा बोअर कोरडा जातो. पाणाड्या नारळ घेऊन फिरतो तो खरं तर त्या भेगाच शोधत असतो.

हाच डेक्कन ट्रॅप पश्चिमेला समुद्राखाली गेलेला आहे. मुंबईच्या समुद्रातल्या खोऱ्याचा तळ कुठे या बसाल्टचा, कुठे त्याहून जुन्या ग्रॅनाइटसारख्या खडकांचा आहे. त्याच्यावर पन्ना फॉर्मेशनचे थर साचले आणि त्यांतल्या शेलमध्ये तेल तयार झालं. जुनी रीत अशी की बेसमेंट लागलं म्हणजे विहीर संपली, रिग उचला. अग्निजन्य खडकात तेल कसं असेल?

तिथे तेल तयार होत नाही हे बरोबर. पण ते तिथे जाऊन बसू शकतं. तळाचा खडक सपाट नाही, त्यात डोंगर आणि दऱ्या आहेत. दऱ्यांत साचलेल्या शेलमध्ये तेल तयार झालं की ते वर आणि बाजूला सरकतं. बाजूलाच भेगाळलेल्या डोंगराचा उतार असेल तर ते त्या भेगांत शिरतं. हीरा आणि मुंबई हायमध्ये अशा भेगाळलेल्या बेसमेंटमधून तेल मिळालं आहे.

व्हिएतनामच्या 'बाख हो' क्षेत्रात तर यानेच चित्र पालटलं. तिथे वरच्या थरांतून १९८६ मध्ये उत्पादन सुरू झालं, पण ते अपेक्षेपेक्षा लवकर घसरू लागलं. १९८८ मध्ये खालच्या भेगाळलेल्या ग्रॅनाइटमधून जोरात तेल आलं आणि पुढे त्या क्षेत्राचं बहुतेक तेल तिथूनच निघालं.

यात धोके आहेत. भेगा बहुतेक उभ्या असतात, म्हणून सरळ उभी विहीर दोन भेगांच्या मधून खाली जाऊ शकते. विहीर तिरकी न्यावी लागते. भेगांची एकूण जागाही कमी असते. सुरुवातीला भरघोस तेल येतं आणि भेगांतूनच पाणी चढलं तर विहीर काही महिन्यांत बसते. पाणाड्याचे सगळे त्रास इथेही आहेत, फक्त एका बोअरचा खर्च कोटींत असतो.

शेजारी

चौथी जागा म्हणजे मोठ्या क्षेत्राच्या आसपासचे लहान साठे आणि उंचवट्याशिवायचे सापळे. वाळूचा थर हळूहळू निमुळता होत संपतो, किंवा चुनखडकाचा एखादाच तुकडा सच्छिद्र असतो. जुन्या द्विमितीय सेस्मिकच्या दोन रेषांमध्ये असा साठा हरवून जातो. त्रिमितीय सर्वेक्षणात दिसतो.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबई हायच्या पश्चिमेला डब्ल्यूओ-२४-३ या विहिरीतला शोध जाहीर झाला. खडकातल्या तेल-वायूचा प्राथमिक अंदाज होता २ कोटी ९७ लाख टन. म्हणजे पहिल्या विहिरीनंतर ४४ वर्षांनी, त्याच अंगणात! मुंबईच्या समुद्रात २०२३ मध्ये 'अमृत' आणि 'मूंगा', तर २०२५ मध्ये 'सूर्यमणी' आणि 'वज्रमणी' हे शोध ओएनजीसीने जाहीर केले.

घाई कशाची?

आता कुणी म्हणेल, इलेक्ट्रिक गाड्या येत आहेत, मग एवढा खटाटोप कशाला? प्रश्न योग्य आहे. पण आज आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो. गाड्या बदलेपर्यंतच्या काळात लागणारं तेल कुठून तरी येणारच आहे.

आणि जुन्या खोऱ्याला एक घड्याळ असतं. लहान साठ्याला स्वतःचा प्लॅटफॉर्म आणि उरणपर्यंत स्वतःची पाइपलाइन परवडत नाही. जवळच चालू प्लॅटफॉर्म असेल तर छोटी नळी जोडून काम भागतं. पण हे प्लॅटफॉर्म साधारण २५ वर्षांच्या आयुष्यासाठी बांधलेले होते. मुंबई हायमधले अनेक त्याहून जुने आहेत आणि दुरुस्तीवर चालतात. उद्या ते काढून टाकले तर शेजारचा लहान साठा खडकात असूनही हिशेबातून गेला. म्हणून शोधायचं असेल तर आत्ताच. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबई हायसाठी बीपी कंपनीला दहा वर्षांकरता तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवडलं. तेल आणि वायूचं उत्पादन मूळ अंदाजापेक्षा ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकेल असं तेव्हा सांगण्यात आलं. ते किती जमतं हे काळच सांगेल.

फक्त हे 'जुनं लोखंड' म्हणताना त्यावर माणसं असतात हे विसरून चालणार नाही. २७ जुलै २००५ रोजी ऐन पावसाळ्यात एका जखमी कर्मचाऱ्याला उतरवून घेताना 'समुद्र सुरक्षा' हे जहाज मुंबई हाय उत्तरच्या प्लॅटफॉर्मवर आदळलं. वायूची नळी फुटली, आग लागली आणि दोन तासांत सगळा प्लॅटफॉर्म गेला. २२ जण दगावले. जुन्या क्षेत्रातून एक टक्का जास्त काढण्याच्या गणितात हा आकडाही आमच्या पिढीने धरला पाहिजे.

शेवटी

ज्या 'सागर सम्राट'ने १९७४ मध्ये पहिलं तेल लावलं, ती रिग आपल्या घरी कपाटात असू शकते. जुन्या एक रुपयाच्या नोटेच्या मागे तिचंच चित्र आहे. रिग भंगारात गेली असेल असं मला वाटायचं. तर तसं नाही. तिच्यात बदल करून तिचं तरंगतं नाही, पण हलवता येणारं उत्पादन केंद्र केलं गेलं आणि डिसेंबर २०२२ पासून ती मुंबईच्या समुद्रातल्या डब्ल्यूओ-१६ या लहान क्षेत्रातून तेल काढू लागली. साय काढणारीच रिग आता पातेल्याचे काठ खरवडते आहे. आणि दूधवाल्या घरात वाढलेल्यांना माहीत आहे, खरवडही कमी गोड नसते.

तर त्या मुलाला माझं उत्तर असं. होय, सोपं तेल संपत आलं आहे. उरलंय ते वाचायचं काम. जुने लॉग कुठल्या परिस्थितीत घेतले ते तपासायचं, कुठला पापुद्रा कोरडा आहे ते ओळखायचं, जिथे आधीच्यांनी रिग उचलली तिथे थोडं खाली बघायचं. यासाठी भूशास्त्र लागतं, गणित लागतं आणि सेस्मिकच्या अवाढव्य डेटासाठी तो ज्या ब्रँचला गेला त्या ब्रँचची माणसंही लागतात. त्यामुळे तो फार लांब गेला आहे असं मला वाटत नाही. मेसमध्ये अजून भेटतो.

आणि ज्युनिअर मित्रांनो, एक विनंती. लॉगवर लाल पेनाने 'पाणी' लिहिण्याआधी नमुन्याची तारीख वाचा. माझ्या वहीत एक वर्तुळ आहे, तेवढं पुरे.